आधी किनाऱ्यावर, मग समितीवर

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की मला फोन यायला लागतात. दिव्यांग मुलामाणसांना समुद्रावर, होडीत, रानवाटेवर नेणाऱ्या आमच्या गोव्यातल्या छोट्या संस्थेत काम करायचं असतं. काहींना थेट कार्यकारी समितीवरच यायचं असतं. सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं: एक अख्खा हंगाम किनाऱ्यावर हात द्या, मग समितीचं बोलू. मी बँकेत नोकरी केली, आता संस्थेची खजिनदार आहे. तरी सांगते, हिशेबाच्या वहीतलं बरंचसं मला वाळूत उभं राहिल्यावर कळलं.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात इथल्या समुद्रात उतरायचं नसतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर दुरुस्त्या, प्रशिक्षण आणि कागदपत्रं चालतात. स्वयंसेवक म्हणून नाव देताना "जमेल तेव्हा येईन" असं म्हणू नका. महिन्यातला एकच शनिवार द्या, पण तो पक्का द्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडीतून उतरवायला दोघं लागतात आणि त्यातला एक आला नाही, तर डिचोलीहून पहाटे निघालेला माणूस गाडीतच बसून राहतो.

पहिल्या दिवशी कुणालाही न विचारता हात लावू नका. खुर्चीलाही नाही, ती त्या माणसाच्या शरीराचाच भाग धरा. दृष्टिहीन माणसाचा दंड धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करा, ते त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी, दोर, ओली फरशी आली की आधी सांगा. कर्णबधिर मुलं पाण्यात उतरताना श्रवणयंत्र काढून ठेवतात, म्हणून "थांब", "परत फिर", "मदत हवी" या खुणा वाळूवरच ठरवून घ्या.

पणजीतल्या मिरामारचा किनारा रुंद आहे. रस्त्यापासून पाण्यापर्यंत कोरडी, भुसभुशीत वाळू लागते आणि साध्या व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तिच्यात रुततात. अशा वेळी ढकलत बसू नका. खुर्ची उलटी फिरवा, किंचित मागे कलती करा आणि मोठी चाकं पुढे ठेवून ओढत न्या. आमच्याकडे फुगीर टायरांची खास खुर्ची आहे, पण ती एकच असल्याने पाळी येईपर्यंत हेच करावं लागतं. चोडण बेटावर पक्षी बघायला जाताना रायबंदरची फेरीबोट घेतो. तिथे निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघायची, कारण ओहोटीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि त्यावरून खुर्ची घसरते. उतारावर एक जण मागे आणि एक पुढे, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. माझा धाकटा भाऊ माडावरून पडला, तेव्हापासून त्याला छातीच्या खाली संवेदना नाही. अशा माणसाला त्या भागात घाम येत नाही, त्यामुळे उन्हात त्याचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं. तापलेली वाळू, होडीच्या तळातला खिळा, ओल्या कपड्याची चुणी यांतलं काहीच त्याला जाणवत नाही. म्हणून बसण्याखाली गादी, मानेवर ओला टॉवेल, साधारण वीसेक मिनिटांनी अंग उचलून जागा बदलणं आणि परत आल्यावर त्वचा नीट बघणं. लालसर डाग दिसला आणि तो दाबल्यावर फिका पडला नाही, तर तो दिवस तिथेच संपला.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर आणखी एक धोका असतो. एकदा होडीतून उतरल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, डोकं फुटतंय." चेहरा लाल झालेला, कपाळावर घाम. नवखा माणूस अशा वेळी त्याला आडवं करेल. ते करायचं नाही, कारण इथे रक्तदाब अचानक चढलेला असतो. सरळ बसवायचं, पट्टे आणि कपडे सैल करायचे, लघवीची नळी कुठे दबली आहे का ते बघायचं. त्याची नळी लाइफ जॅकेटच्या पट्ट्याखाली मुडपली होती. ती सुटल्यावर काही मिनिटांत त्याला बरं वाटलं. तसं वाटलं नसतं, तर 108 ला फोन. हे प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ हवं. आणि होडीत कुणालाही आसनाला बांधून ठेवायचं नाही. होडी उलटली, तर माणूस तिच्यापासून सुटा व्हायला हवा.

शेवटचं काम धुण्याचं. खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतात, म्हणून प्रत्येक खुर्ची, वल्हं आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत वाळवायचं. फोटो संपल्यावरही जो धुवायला थांबतो, त्याच्यावर माझं लक्ष असतं. समितीसाठी मी त्याचंच नाव सुचवते.

समितीवर येण्याआधी संस्थेची घटना म्हणजे नियमावली, गेल्या 3 वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सभांची इतिवृत्तं आणि विम्याची पॉलिसी मागून घ्या. पॉलिसीत पाण्यातले उपक्रम आणि स्वयंसेवक दोन्ही आहेत का, ते शब्द न् शब्द वाचा. आमच्यासारखी संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली येते. स्थापनेला किमान 7 जण लागतात आणि दर वर्षी वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची असते. ती गेली आहे का, चेकवर सह्या किती जणांच्या, देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणारं, 80जी म्हणून ओळखलं जाणारं प्रमाणपत्र मुदतीत आहे का, हे बेधडक विचारा. टाळाटाळ झाली, तर सदस्यत्व घेऊ नका.

त्याहून मोठा प्रश्न: समितीत दिव्यांग व्यक्ती किती? निदान निम्म्या तरी हव्यात, असं माझं ठाम मत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळ आणि करमणूक हा हक्क म्हणूनच लिहिलेला आहे, मग तो कसा बजावायचा हे ज्यांचा हक्क त्यांनीच ठरवावं. सभा तळमजल्यावर घ्या. कागद आधी पाठवा, तेही युनिकोडमध्ये टाइप करून. स्कॅन केलेलं चित्र स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, नीट वाचत नाही. खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

समितीने किनाऱ्यावर येऊन हुकूम सोडायचे नाहीत. तिचं काम पैसा, परवानग्या आणि सुरक्षेचे नियम. कुठलाही स्वयंसेवक, अगदी कालच आलेला, "आज नको" म्हणून सत्र थांबवू शकतो, आणि देणगीदार बघायला आलेले असले तरी समितीने त्याच्यामागे उभं राहायचं. किनाऱ्यावर धोक्याचा लाल बावटा असेल, तर चर्चाच नको. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला पैसा घेताना नव्या होडीबरोबर तिच्या दुरुस्तीचे आणि वाहतुकीचे पैसे करारातच मागा, कारण नंतर ते कुणी देत नाही. मुलांचे फोटो हवे असतील, तर मुलांना आणि पालकांना विचारून, आणि नाही म्हणण्याची मुभा खरोखर ठेवून. समितीतल्या कुणाच्या नातेवाइकाची होडी भाड्याने घ्यायची असेल, तर त्याने ते सांगावं, त्या ठरावाला बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यावं.

दोन मुदतींनंतर खुर्ची सोडा. जाताना बँकेतल्या सह्या बदलून द्या, पासवर्ड, विम्याची तारीख आणि गोदामाची किल्ली नव्या माणसाच्या हातात द्या, आणि पुढच्या शनिवारी जॅकेटं धुवायला या.