सेंट्सची मॅच घरी बघायचीय? मग गंबो शनिवारीच करून ठेवा

अमेरिकेत रविवारी फुटबॉल बघायला लोक बोलावले की विंग्ज आणि चिप्स मागवून कोणीही मोकळं होतं, पण टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स सेंट्स (लुइझियाना राज्यातली अमेरिकन फुटबॉलची टीम) असतील तर जेवण लुइझियानाचंच पाहिजे. आणि त्यातही असलं निवडा जे करून ठेवलं तर बिघडत नाही, नाहीतर घर तुमचं, टीव्ही तुमचा आणि मॅच बघणार बाकीचे. पोबॉयसाठी (तिकडचं लांब पावाचं सँडविच) कोळंबी तळायच्या भानगडीत अजिबात पडू नका. क्रॉफिश बॉइल (मसाल्याच्या पाण्यात उकडलेले, छोट्या लॉबस्टरसारखे क्रॉफिश) पण नको, ताज्या क्रॉफिशचा खरा सीझन वसंतात असतो, तोवर फुटबॉल संपलेला असतो.

गंबो करा, म्हणजे भातावर घ्यायचा तिकडचा दाट रस्सा. दहा-बारा जणांसाठी जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात १ कप तेल, १ कप मैदा, मध्यम आच, आणि हलवत राहायचं. बेसनाच्या लाडवाला भाजतो तसंच, फक्त खमंग वास आला म्हणून इथे थांबायचं नाही, पुढे तांबूस, मग डार्क चॉकलेटसारखा रंग येईपर्यंत, ३०-४५ मिनिटं सहज जातात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. काळे ठिपके दिसले तर रू (हेच तेल-मैद्याचं मिश्रण) जळला, सरळ फेकून द्या, कितीही मसाला घातला तरी तो कडूपणा जात नाही. आणि लहान मुलांना लांब ठेवा, हा रू अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि जबरदस्त भाजतो. रंग आला की लगेच चिरून तयार ठेवलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची त्यात टाका (या तिघांना तिकडे ट्रिनिटी म्हणतात), म्हणजे रूचं तापमान उतरतं. मग लसूण, परतलेलं अँडूई सॉसेज (धुरी दिलेलं, डुकराच्या मांसाचं), चिकन थाय, ३ लिटर स्टॉक, तमालपत्र, थाइम, कायेन मिरचीची पूड, आणि दीड तास मंद आचेवर. मीठ शेवटी बघा, सॉसेज आणि तयार क्रिओल मसाला दोन्ही खारट असतात.

गंबोत टोमॅटो घालायचा का? तिकडे जेवणाच्या दोन पद्धती. केजन म्हणजे १७५५ पासून ब्रिटिशांनी आत्ताच्या कॅनडातल्या अकेडियातून हाकललेल्या फ्रेंच लोकांच्या वंशजांचं गावाकडचं जेवण, क्रिओल म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहरातलं, फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन सगळं मिसळलेलं. टोमॅटो दिसला तर बहुतेक क्रिओल. केजन पाहुणा येणार असेल तर घालू नका, उगाच अर्धी मॅच त्यावर वाद चालेल.

रात्री अख्खं पातेलं फ्रिजमध्ये ढकलू नका, छोट्या डब्यांत काढून गार करा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने काढून टाकायची. किकऑफला मंद आचेवर चढवा, कोळंबी घालणार असाल तर वाढायच्या पाच मिनिटं आधी. फिले पावडर (रस्सा दाट करणारी सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड) गॅस बंद केल्यावरच, उकळली की तार सुटते.

हाफटाइम जेमतेम तेरा-चौदा मिनिटांचा असतो, तेवढ्यात बारा लोकांना वाढायचं म्हणजे भात आधीच तयार, वाट्या-चमचे रांगेत, आणि हॉट सॉस टेबलावर. पहिल्या हाफमध्ये मफुलेटाचे तुकडे फिरवा, ऑलिव्ह सॅलडवालं इटालियन सँडविच, न्यू ऑर्लिन्सचंच, सकाळी करून गुंडाळून ठेवलं तर पावात तेल मुरून अजून भारी लागतं.

शाकाहारी लोकांसाठी गंबोतलं सॉसेज बाजूला काढून वाढणं हा काही उपाय नाही हो. त्यांच्यासाठी वेगळा राजमा करा, रेड बीन्स अँड राइस, तीच ट्रिनिटी आणि धुराच्या वासासाठी स्मोक्ड पॅप्रिका, थोडे दाणे पळीने ठेचले की रस्सा दाटतो. जानेवारीत प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) असतील तर किंग केक आणा, ६ जानेवारीपासून मार्डी ग्रापर्यंत (तिकडचा कार्निव्हलचा सण) तो मिळतो, पण आत प्लॅस्टिकचं छोटं बाळ असतं हे कापायच्या आधी सगळ्यांना ओरडून सांगा. ज्याला ते मिळेल त्याने पुढचा केक आणायचा.