डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) गेलेल्या आपल्या माणसासाठी मॅरेथॉन कशी धावावी

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. सलग पाच-सहा किलोमीटर आरामात धावता येत असतील तर तयारीला १६ ते २० आठवडे धरा. अगदी शून्यापासून सुरुवात असेल तर वर्षभराचा वेळ हाताशी ठेवा. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अशी धाव त्या माणसाच्या आठवणीत धावून एखाद्या संस्थेसाठी देणग्या जमवण्याकरता असते. म्हणून बूट घेण्याआधी पैसे कशासाठी जमवायचे ते ठरवा. काही संस्था संशोधनाला निधी देतात, काही रुग्णांसाठी दिवसभराचं केंद्र चालवतात, काही घरी सांभाळणाऱ्यांना हेल्पलाइन, प्रशिक्षण आणि थोडी उसंत मिळवून देतात. मला विचाराल तर सांभाळणाऱ्यांचा विचार आधी करावा. माणूस रात्री उठून बाहेर पडेल या धास्तीने झोपेतून उठून दाराची कडी तपासणाऱ्या मुलीची किंवा सुनेची दखल फार थोडे जण घेतात. तुमच्या घरात तेव्हा कशाची उणीव भासली, ते आठवून पाहा.

संस्थेची नोंदणी आणि हिशेब बघून घ्या. देणगीदारांचे पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या, पावतीही तिचीच असू द्या. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत संस्थांकडे राखीव जागा असतात. त्यासाठी ठरावीक रक्कम जमवून द्यावी लागते. ती कमी पडली तर फरक कोणी भरायचा, हे सही करण्याआधी वाचा.

आता आवाहन. ते लिहिण्यापूर्वी घरच्यांशी बोला, विशेषतः गेलेल्या माणसाच्या जोडीदाराशी. आजारपणातला केविलवाणा फोटो किंवा लाज वाटेल असा प्रसंग टाकू नका. स्वतःची बाजू मांडायला तो माणूस आता नाही. ‘मामा स्मृतिभ्रंशाने गेले, मदत करा’ एवढ्यावर थांबू नका. ‘मामांना घराचा पत्ता आठवत नसे, पण जुनं गाणं लागलं की त्यांची बोटं टेबलावर बरोबर ठेका धरायची’ असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला मामा दिसतील. पहिल्या देणग्या जवळच्यांकडून मागा. आधीचे आकडे पाहून पुढचे बरेच लोक रक्कम ठरवतात. एकदा मागून गप्प बसू नका, मोठ्या धावेनंतर दोन ओळी कळवत राहा.

सराव आठवड्यातून तीन-चार दिवस. त्यातली एक धाव लांब, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश वेगाची. ती हळूहळू ३० ते ३२ किलोमीटरपर्यंत न्या आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करा. दुखणं वाढत गेलं तर थांबा. रेटून धावल्याने महिने वाया जातात. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट नकोत, पोटाला सवय नसलेलं एनर्जी जेलही (धावताना ताकदीसाठी घ्यायचा गोड, घट्ट पाक) नको. पाणी तहानेप्रमाणे प्या, कारण अति पाण्याने रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं.

तीस किलोमीटरच्या पुढे शरीरातली साठवलेली साखर संपत आलेली असते आणि मनही हळवं होतं. तिथे रडू आलं तर येऊ द्या, थोडं चाला, मग पुन्हा धावा. बनियनवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर रस्त्यावरचे अनोळखी लोक ते मोठ्याने पुकारतात.

नंतर आठवडाभरात प्रत्येक देणगीदाराला नाव घेऊन आभार कळवा, एकूण किती जमले ते सांगा. काही महिन्यांनी संस्थेला फोन करून पैशांचं काय झालं ते विचारा आणि तेही सगळ्यांना कळवा.