गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करून बघा

माझी गाडी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून जोडायची गाडी. इथे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला, घराच्या गॅरेजात मी ती स्वतः बांधली. गिअरबॉक्स जुन्या फोर्ड सिएराचा, पाच गिअरचा टाइप ९. हिवाळाभर झाकलेली गाडी मार्चमध्ये काढली, तर पहिला पडेना आणि रिव्हर्सला नुसती खरखर. गिअरबॉक्स गेला असंच मी धरून चाललो होतो. तुम्ही तसं करू नका.

चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. सगळे पडले, पण इंजिन चालू केलं की अडतात? मग दोष बहुतेक क्लचचा. खात्रीसाठी इंजिन मंद चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून दहा आकडे मोजा आणि हळूच रिव्हर्स टाका. या गिअरबॉक्सच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे खरखरला तर आतला शाफ्ट अजून फिरतोय. क्लच नीट सुटत नाही.

माझं तेच निघालं. पेडलपासून क्लचपर्यंत जाणारी वायर नवी होती, ताणही बरोबर होता. शेवटी मुलीला पेडल दाबायला बसवलं आणि मी टॉर्च घेऊन पुढून वाकून बघत राहिलो. वायरचं बाहेरचं आवरण जिथे पत्र्याला टेकतं, तिथला ॲल्युमिनियमचा पत्रा प्रत्येक दाबाला तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगत होता. मोजलं तर पाच मिलिमीटर! वायरची तेवढी चाल पत्र्यातच मुरायची, क्लच सोडवणाऱ्या फोर्कपर्यंत पोचायचीच नाही. मागून ३ मिमी जाड लोखंडी पट्टी चार बोल्टांनी बसवली आणि रिव्हर्स अलगद पडला. किट कारमध्ये पातळ पत्रा ही नेहमीची गोष्ट, म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

पत्रा हलत नसेल तर वायर एक्झॉस्टजवळून जाते का बघा. उष्णतेने आतलं अस्तर वितळून वायर जड होते. वायरऐवजी तेलावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर नळीतली हवा काढा. गाडी बरेच महिने उभी होती? क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) चिकटलेली असू शकते. इंजिन दुसरं बसवलं असेल तर क्रँकच्या टोकातलं स्पिगट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते) अडकतंय का, हेही मनात ठेवा.

इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल किंवा पडून सुटत असेल, तर लिव्हरभोवतीचं चामडं काढा. गिअरबॉक्सवरून जाणाऱ्या, आपण बांधलेल्या अरुंद टनेलच्या कडेला लिव्हर आपटत असतो आणि गिअर अर्धाच पडतो. तिथे मोकळं असेल तर लिव्हर काढून त्याच्या तळाची प्लॅस्टिकची वाटी पाहा. ती झिजली किंवा तडकली की लिव्हर नुसता ढवळल्यासारखा फिरतो. वाटी स्वस्त मिळते, बदलायला तासभरही लागत नाही.

चालत्या गाडीत फक्त दुसराच खरखरतो आणि बाकी ठीक, असं असेल तर ऑइल बदलून बघा. मी जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घालतो. जीएल-५ पितळी सिंक्रो रिंगांना सहसा मानवत नाही. तरीही खरखर राहिली तर मात्र सिंक्रोच झिजलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि सेव्हनसारख्या गाडीत तो बहुधा इंजिनसकट वर उचलावा लागतो. क्रेन आणि एक मदतनीस आधीच ठरवून ठेवा.