सीट बेल्ट लावला नाही, तर पैसे कोणी भरायचे?

लग्नसराईत पारोळ्याहून जळगावला किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढून पलीकडे निघालेल्या गाडीत पुढचे दोघे बेल्ट लावतात. मागे बसलेल्या तिघांच्या, खरे सांगायचे तर चौघांच्या, बेल्टची कुलुपे मात्र सीटच्या फटीत गेलेली असतात. गाडी काढण्यापूर्वी ती बाहेर ओढून ठेवावीत आणि पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

आधी दंडाचे पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी मध्ये, जे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे, बेल्ट न लावता गाडी चालवणाऱ्याला आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्याला एक हजार रुपये दंड सांगितला आहे. जागेवर तडजोडीने घ्यायची रक्कम राज्य सरकार ठरवते. पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांनाही बेल्टची सक्ती आहे, आणि चौदा वर्षांखालील मूल बेल्टविना असेल तर त्याची जबाबदारी चालकावर येते. ई-चलान गाडीच्या क्रमांकावर निघत असल्यामुळे संदेश मालकाला जातो. म्हणून मेहुण्याला गाडी दिली असेल, तर त्या दिवशी चालक कोण होता याची नोंद स्वतःजवळ ठेवावी.

खरा पैसा दंडात नाही, नुकसानभरपाईत आहे. समोरच्या ट्रकच्या चुकीने अपघात झाला, तरी जखमीने बेल्ट लावला नव्हता म्हणून त्याचाही निष्काळजीपणा धरून भरपाई कमी करावी, अशी मागणी विमा कंपनीचा वकील करू शकतो. अशा वेळी किती टक्के कापायचे, याचे ठरावीक प्रमाण आपल्या कायद्यात नाही. एका मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे म्हटले की, केवळ नियम मोडला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही; त्या उल्लंघनाचा अपघाताशी किंवा झालेल्या आघाताशी संबंध दिसला पाहिजे. बेल्टच्या बाबतीत अडचण नेमकी येथेच आहे, कारण बेल्ट नसल्याने अपघात होत नाही, पण डोके काचेवर आदळते. म्हणून पंचनाम्यात बेल्टविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि जखम कोठे व कशी झाली याचे दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपावेत. दार आत दबून पाय मोडला असेल, तर बेल्टने तो वाचला नसता, हे त्याच कागदांवरून मांडता येते.

यानंतर पॉलिसी उघडावी. तीवर ‘पॅकेज’ (आपल्या गाडीचे नुकसानही धरणारा विमा) आहे की केवळ ‘थर्ड पार्टी’ (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा), एवढेच आधी पाहावे. खासगी गाडीला केवळ थर्ड पार्टी विमा असेल आणि चूक आपल्याच चालकाची ठरली, तर गाडीत बसलेल्या पाहुण्यांच्या दाव्याची भरपाई विमा कंपनीवर सहसा येत नाही, ती मालकाच्या खिशातून जाते. सोयरीक जुळवायला निघालेल्यांनी कोर्टात समोरासमोर उभे राहावे, इतपत वेळ यावरून येऊ शकते. पॅकेज पॉलिसीत हे प्रवासी सहसा धरलेले असतात. बेल्ट न लावल्यास वाजणारा भोंगा बंद करण्यासाठी बेल्टच्या कुलुपात अडकवायची चिमटी कोणी बसवली असेल, तर ती काढून टाकावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना अशा चिमट्या विक्रीतून हटवण्याचे आदेश दिले, आणि विम्याचा दावा मागताना तिचा वापर आपल्यावर उलटू शकतो.

अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो, आणि कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. नवापूरच्या पुढे गुजरातेत अपघात झाला, तरी तेथे खेपा घालण्याची गरज नाही. दावेदार जेथे राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात अर्ज देता येतो.