कोकणच्या उन्हात सायकल: रेषा पडू द्या, कातडी भाजू देऊ नका

मांडीवर शॉर्ट्सच्या काठाशी उमटलेली सरळ रेषा, दंडावर जर्सीची बाही संपते तिथली दुसरी, मनगटावर ग्लोव्हजचा ठसा. रेवस ते रेडी सागरी मार्गावर महिनोन्‌महिने सायकल चालवल्याची ही खूण आहे आणि ती अभिमानाने मिरवावी. लालबुंद, हात लावू न देणारी कातडी मात्र मिरवण्यासारखी नाही. रापायला महिने लागतात, भाजायला एक दुपार पुरते. शिवाय भाजलेल्या कातडीचे काही दिवसांत पापुद्रे निघतात आणि हिवाळाभर कमावलेली रेषा चट्ट्याचट्ट्यांची होते.

किनाऱ्यावर भाजल्याचं लवकर कळत नाही. खारे वारे घाम वाळवतात, अंग गार वाटतं, ऊन मात्र तेवढंच लागत असतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणून हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा. रत्नागिरी आणि देवगडच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मैलभर सावली मिळत नाही. आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ या फेरीबोटींची वाट बघताना हेल्मेट काढून जेटीवर उभं राहणं हेही भाजण्याचं नेहमीचं कारण. बोट येईपर्यंत शेडमध्ये थांबा.

वेळेचा हिशोब सावलीवरून करा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणं प्रखर झाली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मालवणपासून अलिबागपर्यंत सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत पहाटे साडेपाचला निघा, दहाच्या आत पहिला टप्पा संपवा आणि चारनंतरच पुन्हा सायकलवर बसा. दक्षिणेकडे जाताना सकाळी डावी बाजू रापते, संध्याकाळी उजवी. फक्त संध्याकाळी आणि एकाच दिशेने चालवणाऱ्यांच्या दोन्ही हातांचे रंग वेगळे दिसतात ते त्यामुळेच.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चं, यूव्हीए प्रकारच्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण देणारं आणि घामात टिकणारं घ्या. बहुतेक जण ते फार कमी लावतात. माप बोटांचं ठेवा: तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन पट्टे काढले की ते चेहरा आणि मानेला पुरतात. कोपराखालच्या प्रत्येक हाताला एक पट्टा, गुडघ्यासकट प्रत्येक पायाला दोन. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, त्यामुळे चार दिवसांच्या दौऱ्याला ५० ग्रॅमची एक ट्यूब पुरत नाही. कपाळावर झिंक ऑक्साइडची स्टिक वापरा, कारण पातळ क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि उतारावर डोळे चुरचुरणं धोक्याचं असतं. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पोटऱ्या आणि हेल्मेटच्या फटींखालचं टक्कल विसरू नका. सनस्क्रीनमुळे रेषा पडणार नाही ही भीती सोडा. नीट लावलं तरी थोडी किरणं आत जातातच आणि रोज चालवणारा रापतोच.

रेषा रेखीव हवी तर शॉर्ट्स, बाह्या आणि मोजे नेहमी एकाच लांबीचे ठेवा. शॉर्ट्सची कड गुडघ्याच्या वाटीपासून किती बोटं वर बसते ते एकदा ठरवा आणि निघताना दर वेळी तपासा. सर्वांत वाईट भाजतो तो रेषेच्या वरचा पांढरा पट्टा. पेडल मारताना कड हळूहळू वर सरकते आणि कधीच ऊन न पाहिलेली कातडी उघडी पडते. म्हणून सनस्क्रीन कडेच्या दोन-तीन बोटं आतपर्यंत लावा, ते पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि मगच शॉर्ट्स चढवा. ओल्या क्रीमवर कडेच्या आतल्या सिलिकॉनच्या पट्टीची पकड बसत नाही, कड आणखीच सरकते. आखूड शॉर्ट्स नवी घेतली असेल तर पहिल्या राइड तासाभराच्याच ठेवा.

दोन गोष्टी कोकणात खास सांभाळायच्या. टपरीवर सरबतासाठी लिंबू पिळलं तर हात साबणाने धुऊनच उन्हात जा. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की एक-दोन दिवसांत फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या आजारासाठी) डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा थोड्या उन्हातही भाजते. गोळ्या चालू असेपर्यंत पूर्ण बाह्या आणि लेग स्लीव्हज घाला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

भाजल्याची लाली तीन ते पाच तासांनी दिसू लागते आणि साधारण दिवसभरात सर्वाधिक होते. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, तिथे ऊब, ताण आणि चुरचुर ओळखा. लगेच सावलीत जा आणि गार पाण्यात भिजवलेला सुती पंचा दहा-पंधरा मिनिटं ठेवा, असं दिवसातून तीन-चार वेळा करा. बर्फ थेट चोळू नका. ताज्या भाजण्यावर खोबरेल थापू नका, त्याने उष्णता आत कोंडते. बिनवासाचं कोरफडीचं जेल चालतं. फोड फोडू नका, पापुद्रे ओढू नका. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा शहाळं पीत राहा. मोठ्या भागावर फोड आले, ताप चढला किंवा उलट्या झाल्या तर डॉक्टर गाठा. बोलण्यात गोंधळ दिसला तर तो उष्माघात समजा: अंगावर पाणी ओतत, वारा घालत सरळ रुग्णालयात न्या.

पापुद्र्याखालून आलेली नवी कातडी आधीपेक्षा लवकर भाजते. हात भाजला असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत त्या हातावर पांढरी आर्म स्लीव्ह ठेवा आणि मगच उघड्या हाताने राइड सुरू करा, तीही सकाळच्या पहिल्या दोन तासांतली.