निबंध आधी छापला, आता पेटंट कसे? विद्यापीठातले संशोधन उद्योगाकडे नेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आमच्या बौद्धिक संपदा कक्षात आले, तेव्हा त्यांच्या फायलीत तीन कागद होते: एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाची प्रत, विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेतले पारितोषिकाचे प्रमाणपत्र आणि इचलकरंजीच्या एका प्रोसेसिंग कारखान्याचे पत्र. उसाच्या चिपाडाच्या राखेपासून त्यांनी सांडपाण्यातला रंग शोषून घेणारी भुकटी तयार केली होती आणि कारखान्याला ती हवी होती, पण इतर कोणालाही द्यायची नाही या अटीवर. पत्राची शेवटची ओळ साधी होती: पेटंट अर्जाचा क्रमांक कळवावा. क्रमांक नव्हता, कारण अर्जच केलेला नव्हता. निबंध छापून १४ महिने झाले होते, भुकटीची कृती त्यात तापमान आणि वेळेसकट दिलेली होती, आणि जी कृती कोणीही वाचून करू शकतो तिचा एकाधिकार विकायला आमच्याजवळ काही उरले नव्हते.

विद्यापीठातले संशोधन बाजारात पोहोचत नाही याचे खापर आपण सहसा अपुऱ्या निधीवर किंवा उद्योगांच्या अनास्थेवर फोडतो. त्यात तथ्य आहेच, परंतु माझ्या पाहण्यात आलेली बरीचशी प्रकरणे त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या कागदाची तारीख चुकल्यामुळे किंवा करारातले एखादे क्रियापद सैल राहिल्यामुळे बिघडलेली आहेत.

आधी सांगणे, मग अर्ज करणे

ही चूक केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुके जोडण्याच्या तंत्रावरचा आपला निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. पेटंट घ्यावे असे त्यांच्या मनातही नव्हते. स्टॅनफर्डच्या टेक्नॉलॉजी लायसन्सिंग कार्यालयाचे नील्स रायमर्स मागे लागले, म्हणून ४ नोव्हेंबर १९७४ रोजी, म्हणजे वर्षाची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, अमेरिकेत अर्ज दाखल झाला. अमेरिकी कायद्यात शोधकाच्या स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्षाची सवलत असल्यामुळे तो टिकला. अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र निबंध छापला गेला तेव्हाच हातचे गेले होते.

भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या कलम ३१ मध्येही १२ महिन्यांची सवलत आहे, हे ऐकून अनेक प्राध्यापक निश्चिंत होतात. ते कलम मुळातून वाचावे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला अथवा त्या सभेच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध, अशा मोजक्याच प्रसंगांना ती सवलत आहे. महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनातला तक्ता, ‘आविष्कार’सारख्या स्पर्धेतले पोस्टर किंवा विभागाच्या यूट्यूब वाहिनीवरची चित्रफीत यांना तशी अधिसूचना नसेल तर संरक्षण नाही, आणि व्यावसायिक प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकाला ती सवलत मिळेलच असे धरून चालणे धोक्याचे आहे. युरोपात तर अशी सर्वसाधारण सवलतच नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती पीएच.डी.ची वाट. प्रबंध सादर होतो, खुली तोंडी परीक्षा होते, पेढे वाटले जातात आणि पुढच्या काही दिवसांत ग्रंथालयातला कर्मचारी नियमाप्रमाणे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढवतो. त्या बिचाऱ्याची यात काहीच चूक नसते. त्याला कोणी थांबायला सांगितलेले नसते, इतकेच. प्रबंध सादर करण्याच्या अर्जातच ‘यातील काही भाग पेटंटयोग्य आहे काय?’ असा एक रकाना असावा, आणि उत्तर ‘होय’ असेल तर प्रबंध ऑनलाइन उपलब्ध करणे काही काळ रोखण्याची लेखी विनंती त्याच दिवशी जावी, हा उपाय फुकटचा आहे.

एरवीचा उपाय म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे तारीख राखून ठेवणारा पहिला, तात्पुरता अर्ज. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे आणि ती धरून ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. तेव्हा पैशांची सबब चालत नाही. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे एका पानाचे टाचण, हा समज सोडावा. अर्जात जे लिहिले असेल तेवढ्यालाच ती तारीख मिळते. भुकटी ५०० अंशांना तयार होते एवढेच लिहून ठेवले आणि पुढे खरी करामत आम्ल-प्रक्रियेत असल्याचे लक्षात आले, तर त्या प्रक्रियेला पहिली तारीख लागू होत नाही. शिवाय १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे संपूर्ण वर्णन, दाखल झाले नाही तर तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते. परदेशातील सहसंशोधक ‘आमच्याकडे आधी फाइल करू’ असे म्हणाले तर कलम ३९ आठवावे: भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परवानगीशिवाय थेट बाहेर अर्ज करता येत नाही, एक तर परवानगी घ्यावी, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे.

‘पब्लिश झाले’ म्हणजे ‘मिळाले’ नव्हे

अभिनंदनाच्या फलकांवर ‘पेटंट पब्लिश’ असे शब्द झळकतात, तेव्हा मला संकोच वाटतो. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यात परीक्षकाने काहीही तपासलेले नसते. मूल्यांकनाच्या गुणांसाठी घाई असलेल्या संस्था त्याहीपुढे जाऊन फॉर्म ९, म्हणजे लवकर प्रसिद्धीची विनंती, भरतात आणि अर्ज महिन्याभरात प्रसिद्ध करून घेतात. यामुळे गुण मिळत असतील, पण आपलेच संशोधन आपल्या पुढच्या सुधारणेच्या आड येते, कारण दुसऱ्या वर्षी त्याच भुकटीची सुधारलेली आवृत्ती घेऊन गेलो की परीक्षक आपलाच पहिला अर्ज आपल्यापुढे ठेवतो.

याच संस्था पुढे फॉर्म १८, म्हणजे परीक्षणाची विनंती, भरायला विसरतात. मार्च २०२४ च्या सुधारित नियमांनंतर दाखल झालेल्या अर्जांसाठी ही मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे, आणि विनंती गेली नाही तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. कंपनी परवाना घ्यायला येते आणि संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहून निघून जाते. पुष्कळदा विद्यापीठाला ती येऊन गेल्याचेही कळत नाही.

मालकी गृहीत धरणे

वर क्रियापदाचा उल्लेख केला, त्याची कथा सांगण्याजोगी आहे. स्टॅनफर्डमध्ये एचआयव्हीवर काम करणाऱ्या मार्क होलोडनी यांनी रुजू होताना विद्यापीठाला लिहून दिले होते की, मी माझे हक्क हस्तांतरित करण्यास कबूल आहे. पुढे पीसीआरचे तंत्र शिकण्यासाठी ते सीटस या कंपनीत जाऊ लागले, तेव्हा तिथल्या अभ्यागतांच्या गोपनीयता करारावर त्यांनी सही केली. त्यात वाक्य होते की, मी हक्क हस्तांतरित करीन आणि याद्वारे हस्तांतरित करीत आहे. सीटसचा तो व्यवसाय नंतर रॉश कंपनीकडे गेला, वाद न्यायालयात पोहोचला, आणि पुढे होण्याच्या कबुलीपेक्षा तत्काळ झालेले हस्तांतरण भारी ठरले. संशोधन सरकारी पैशातून झाले, सबब मालकी विद्यापीठाची, हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना ठेवू देणारा १९८० चा बे-डोल कायदा असूनही विद्यापीठ हरले. भारतात त्या धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झालाच नाही.

आपल्याकडे कलम ६८ नुसार पेटंटमधील हक्कांचे हस्तांतरण लेखी असावेच लागते. प्राध्यापकांच्या सेवाशर्तींत काहीतरी तरतूद असते. विद्यार्थी मात्र संस्थेचा नोकर नसतो, आणि खरे प्रयोग बहुतेक वेळा त्यानेच केलेले असतात. तो पदवी घेऊन जर्मनीला गेल्यावर सहीसाठी ईमेल पाठवत बसण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच, ‘करीन’ नव्हे तर ‘करीत आहे’ अशा शब्दांत, कागद करून घ्यावा आणि त्याबदल्यात रॉयल्टीतला त्याचा वाटाही त्याच कागदावर लिहावा. स्टॅनफर्डमध्ये लायसन्सिंग कार्यालयाचा ठरावीक टक्के खर्च आणि पेटंटचा खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न शोधक, विभाग आणि विद्याशाखा यांच्यात समान तीन भागांत वाटले जाते. आकडा कोणताही असो, तो आधी ठरलेला असला म्हणजे भांडण होत नाही.

सामंजस्य करारातले ‘निर्माण होणारी बौद्धिक संपदा दोन्ही पक्षांच्या सामाईक मालकीची राहील’ हे वाक्य सर्वांना न्याय्य वाटते, म्हणून ते डोळे मिटून घातले जाते. कलम ५० प्रमाणे प्रत्येक सहमालक ते पेटंट स्वतःसाठी वापरू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही, परंतु तिसऱ्याला परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. कंपनीजवळ कारखाना असतो, विद्यापीठाजवळ नसतो. म्हणजे कंपनी उत्पादन करून मोकळी होते आणि विद्यापीठ संमतीची वाट पाहत बसते. मालकी एकाकडे ठेवून दुसऱ्याला निश्चित क्षेत्रापुरता परवाना द्यावा, किंवा वेगळी वाटणी करारातच स्पष्ट लिहावी.

चंचुपात्रातली आकडेवारी

पुन्हा त्या भुकटीकडे वळतो. निबंधात रंग शोषला जाण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होते. कारखान्याच्या अभियंत्याने पहिलाच प्रश्न विचारला, की कोणता रंग आणि कोणते पाणी? रंग होता मिथिलीन ब्लू आणि पाणी ऊर्ध्वपातित. आपल्याकडे अशा प्रयोगांसाठी मिथिलीन ब्लू घेण्याची वहिवाटच पडली आहे. हा रंग धनभारित असतो, तर सुती कापडासाठी सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, आणि प्रोसेसिंगच्या सांडपाण्यात भरपूर मीठ आणि अल्क असतो. कारखान्यातून आणलेल्या एका कॅनमधल्या पाण्यावर तोच प्रयोग केला, तेव्हा आकडा निम्म्याच्याही खाली आला.

यात अप्रामाणिकपणा कुठेही नव्हता. निबंधासाठी जे पुरते ते परवान्यासाठी पुरत नाही, एवढेच. परवाना घेणाऱ्याला ५ ग्रॅमच्या नव्हे तर निदान काही किलोंच्या घाण्याची माहिती लागते, भुकटी किती वेळा वापरता येते आणि वापरलेल्या भुकटीचे शेवटी काय करायचे हे लागते. या मधल्या टप्प्यासाठी पैसे मिळतात, फक्त ते मागावे लागतात: जैवतंत्रज्ञानाशी संबंधित कल्पना असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचे ‘बिग’ अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत असते, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातले व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईतील साइन यांसारखे इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना आधार देणारी केंद्रे, वाट दाखवतात.

परवान्यातली घाई आणि हाव

आपण लाखभर रुपयांच्या ठोक रकमेवर, कोणत्याही कालबद्ध अटींशिवाय, संपूर्ण देशासाठी एकाधिकार देऊन टाकतो आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणतो. कंपनीने ते तंत्रज्ञान कपाटात ठेवले तर काढून घेण्याची सोयच करारात नसते. अमुक महिन्यांत प्रायोगिक संयंत्र, अमुक वर्षात पहिली विक्री, तसे न झाल्यास एकाधिकार संपुष्टात, अशी कलमे मागायला लाजू नये. उलट टोकाची चूकही तितकीच घातक असते: उत्पादन उभे राहण्याआधीच कोटीची मागणी केली की नवउद्योजक पळ काढतो.

एकाधिकार नेहमी लागतोच असेही नाही. कोहेन-बॉयर तंत्राचा परवाना सुरुवातीला १० हजार डॉलर भरून, आणि दरवर्षी किमान तेवढीच रक्कम देऊन, कोणत्याही कंपनीला मिळत असे. ४६८ कंपन्यांनी तो घेतला आणि १९९७ मध्ये पेटंट संपेपर्यंत सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले. जिथे प्रचंड गुंतवणूक आणि अनेक वर्षे लागतात, तिथे मात्र एकाधिकाराशिवाय कोणी पुढे येत नाही. आयआयटी मुंबईतून २०१८ मध्ये निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीच्या, टाटा स्मारक रुग्णालयासोबत विकसित झालेल्या, कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला विक्रीची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. अशा कामात ‘दोन वर्षांत विक्री’ ही अट घालणे म्हणजे करार मोडण्याची तारीख लिहून देणे होय.

रोख नसेल तर समभाग घ्यावेत. स्टॅनफर्डला गुगलच्या परवान्यापोटी मिळालेले समभाग विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर आले, पण तो अपवादांतला अपवाद आहे हे विसरू नये. केंद्राच्या २०१९ च्या स्टार्टअप धोरणात संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असे सुचवले आहे. त्याहून अधिक मागणाऱ्या संस्थेच्या स्टार्टअपमध्ये पुढचा गुंतवणूकदार फिरकत नाही. आणखी एक पथ्य: प्राध्यापक कंपनीत भागीदार असतील तर परवान्याच्या वाटाघाटीत विद्यापीठाच्या बाजूने त्यांनी बसू नये. हे सांगताना समोरचा दुखावतो, तरी सांगावे.

चूक होऊन गेली असेल तर

निबंध छापून १२ महिने झाले नसतील तर त्याच आठवड्यात पेटंट एजंटाला गाठावे; प्रसंग कलम ३१ मध्ये बसत असेल तर फॉर्म ३१ द्वारे सवलत मागता येते, आणि अमेरिकेची वाट तर खुली असतेच. मुदत टळली असेल तर निबंधात न आलेले काय आहे ते शोधावे, कारण मोठ्या घाण्यातली प्रक्रिया, यंत्राची रचना, नवे मिश्रण यांवर स्वतंत्र अर्ज होऊ शकतो. नूतनीकरण शुल्क न भरल्यामुळे पेटंट रद्द झाले असेल तर १८ महिन्यांच्या आत पुनःस्थापनेचा अर्ज करता येतो. आणि पेटंट नसले तरी नो-हाऊ विकता येते. गोपनीयतेच्या करारासह दिलेल्या कार्यपद्धतीला, प्रशिक्षणाला आणि नमुन्यांच्या तपासणीला उद्योग पैसे मोजतात.

भुकटीच्या प्रकरणात आम्ही तेच केले. कारखान्याने नो-हाऊ करारावर सही केली, प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी सहा महिने दर गुरुवारी खऱ्या सांडपाण्याचे कॅन आणत राहिले, आणि मिठाच्या पाण्यातही टिकणारी एक वेगळी प्रक्रिया त्यातून हाती लागली. तिच्या प्रोव्हिजनल अर्जावरची तारीख पुढच्या निबंधाच्या तारखेपेक्षा नऊ दिवस आधीची आहे.