आर.सी. ट्रान्समीटर ठेवताना आणि तपासताना या चुका टाळा

उन्हाळा लागला की रेडिओ कंट्रोलची (आर.सी.) छोटी विमाने उडवणारे अनेक हौशी वैमानिक ट्रान्समीटर, म्हणजे विमान चालवण्याचा हातातला रिमोट, माळ्यावर टाकतात आणि थेट दसऱ्यानंतर बाहेर काढतात. मग पहिल्याच उड्डाणात विमानाचा ताबा सुटला की दोष रेडिओ लहरींच्या माथी मारला जातो. वास्तविक बिघाड कित्येकदा त्याआधीच, घरात पडल्यापडल्या झालेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सेल आतच राहू देणे. अल्कलाइन सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचते आणि तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर धरतो. गळालेले द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे, सेल काढून, कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ते पुसावे, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज करून, म्हणजे प्रतिसेल ४.२ व्होल्टवर, महिनोन्‌महिने ठेवू नये. ती प्रतिसेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून वेगळी ठेवावी.

जागेच्या बाबतीत नागपूरची अडचण दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा स्लॅबखालचा माळा किंवा उन्हात उभी असलेली गाडी म्हणजे भट्टीच. आणि त्यापासून वाचवायचे म्हणून ट्रान्समीटर कुलरच्या खोलीत उघडा ठेवला, तर दमट हवेने संपर्कबिंदू गंजतात. आतल्या खोलीतील कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात, स्टिकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या दांड्यांवर, कशाचाही दाब येणार नाही अशा बेताने तो ठेवणे उत्तम.

बाहेर काढल्यावर थेट रेंज चेककडे, म्हणजे संदेश किती दूर पोहोचतो हे तपासण्याकडे, धावू नये. आधी पडद्यावरील चॅनेल मॉनिटर (प्रत्येक स्टिकचा संदेश आकड्यांत दाखवणारे पान) उघडून प्रत्येक स्टिक सावकाश फिरवावी. आकडे सलग न सरकता उड्या मारत असतील, तर पोटेन्शिओमीटरमध्ये (स्टिकची हालचाल मोजणाऱ्या भागात) धूळ शिरली आहे किंवा तो झिजला आहे. अशा वेळी घरातले कुठलेही तेल त्यात सोडणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. त्यानंतर योग्य मॉडेलची मेमरी (त्या विमानासाठी साठवलेली सेटिंग) निवडलेली आहे ना, हे पाहावे. स्टिक उजवीकडे नेल्यावर उजवे एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि डावे खाली जायला हवे.

फेलसेफ, म्हणजे संदेश तुटल्यास विमानाने काय करावे याची सेटिंग, मात्र कोणीच तपासत नाही, असे म्हटले तरी चालेल. विमानाचा पंखा (प्रोपेलर) काढून, थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) अर्ध्यावर नेऊन ट्रान्समीटर बंद करावा; क्षणभरात मोटर थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली, तर फेलसेफची सेटिंग नव्याने करावी, आणि रिसीव्हर (विमानातला संदेश घेणारा भाग) ट्रान्समीटरशी पुन्हा बाइंड केल्यावर, म्हणजे जोडल्यावर, हीच चाचणी परत घ्यावी. एरवी मात्र आधी ट्रान्समीटर चालू करावा आणि बंद करताना आधी विमानाची बॅटरी काढावी.

रेंज चेक कमी शक्तीच्या मोडमध्ये, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरून करावा. त्या वेळी अँटेनाचे टोक विमानावर रोखू नये, कारण टोकाच्या दिशेने संदेश सर्वांत क्षीण असतो. वेगळे मॉड्यूल (संदेश पाठवणारा जोडभाग) असलेला संच तर अँटेना जोडल्याशिवाय चालूच करू नये, कारण त्यामुळे त्यातील ॲम्प्लिफायर जळू शकतो.